आठवड्यातून एकदाच खेळणारा कर्णधार

5 नोव्हेंबर 2006. उत्तर लंडनमधील व्हाइट हार्ट लेन मैदानावर टॉटनहॅम हॉटस्पर आणि चेल्सी या फुटबॉल क्लबांमधील सामना रंगात आला आहे. चेल्सीचा आर्येन रॉबेन चेंडू घेऊन सुसाट निघाला आहे आणि त्याच्यासमोर आता फक्त गोलरक्षक पॉल रॉबिन्सन उरला आहे. मागून टॉटनहॅमचा कर्णधार लेडली किंग धावत येतो. इथे पाय चेंडूऐवजी रॉबेनला लागला, तर पेनल्टी आणि लाल कार्ड अटळ आहे. रॉबेन फटका मारण्याच्या बेतात असतानाच किंग घसरत पुढे झेपावतो, त्याचा पाय नेमका चेंडूला लागतो आणि चेंडू रॉबेनच्या पायातून निघून जातो. शिटी वाजत नाही, कारण शिटी वाजवण्यासारखे काही घडलेलेच नसते. टॉटनहॅमने तो सामना 2-1 असा जिंकला. मात्र त्या दिवसाची आठवण निघाली की क्लबचे चाहते गोलांच्या आधी या टॅकलबद्दल, म्हणजे चेंडू हिसकावण्याच्या या झेपेबद्दल, बोलतात.

किंगचा जन्म 12 ऑक्टोबर 1980 रोजी पूर्व लंडनमधील बो या भागात झाला. त्याच परिसरातील सेनरॅब या मुलांच्या संघातून तो खेळला. पुढे चेल्सीचा आणि इंग्लंडचा कर्णधार झालेला जॉन टेरीही याच संघात होता. टॉटनहॅमने किंगला किशोरवयातच आपल्याकडे घेतले आणि मे 1999 मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर त्याने पहिला सामना खेळला. सुरुवातीच्या काळात त्याला मध्यफळीतही खेळवले जात असे. डिसेंबर 2000 मध्ये ब्रॅडफर्डविरुद्ध त्याने सामन्याची दहा सेकंदेही पुरी होण्याआधी गोल केला आणि प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतील सर्वांत वेगवान गोलाचा हा विक्रम 2019 पर्यंत एका बचावपटूच्या नावावर राहिला.

2001 च्या उन्हाळ्यात संघाचा आधारस्तंभ असलेला सोल कॅम्पबेल थेट आर्सेनलकडे, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे निघून गेला. चाहत्यांच्या जिव्हारी लागलेली ती जखम होती. कॅम्पबेलच्या जागी उभा राहिलेला किंग मात्र कधीच दुसऱ्या क्लबकडे गेला नाही, आणि टॉटनहॅमच्या लोकांनी त्याच्यावर जो जीव लावला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे असे आम्हाला वाटते.

त्याचा खेळ शांत होता. प्रतिस्पर्ध्याचा शर्ट ओढणे किंवा खांद्याने ढकलून जागा काढणे त्याच्या स्वभावात नव्हते. चेंडू कुठे येणार हे आधीच ओळखून तो तिथे जाऊन उभा राहत असे. जून 2004 मध्ये युरो स्पर्धेत लिस्बनच्या मैदानावर फ्रान्सविरुद्ध जॉन टेरी जायबंदी असल्याने किंगला संधी मिळाली आणि थिएरी ऑन्रीसारख्या आघाडीपटूला त्याने जवळजवळ संपूर्ण सामना रोखून धरले. अखेरच्या क्षणांत झिनेदिन झिदानने दोन गोल करून इंग्लंडच्या हातातला सामना हिरावून घेतला, पण किंगच्या खेळात खोट काढता येत नव्हती. 2006 च्या विश्वचषकाला तो पायाच्या दुखापतीमुळे मुकला.

पुढची गोष्ट मात्र एका गुडघ्याची आहे. आपल्या सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि पाऊल जमिनीवर आदळताना हाडाला हाड घासू नये याची काळजी ते घेते. किंगच्या एका गुडघ्यातील हे आवरण झिजून गेले होते. शस्त्रक्रियांनीही झीज भरून निघाली नाही. सामना झाला की गुडघा सुजत असे, आणि ती सूज उतरेपर्यंत पुढचा सामना दारात येऊन उभा राहत असे. त्यामुळे अखेरच्या काही हंगामांत त्याने संघासोबत सराव करणे जवळजवळ सोडूनच दिले. सहकारी मैदानावर घाम गाळत असताना तो व्यायामशाळेत आणि जलतरण तलावात शरीर तयार ठेवत असे, आणि सामन्याच्या दिवशी थेट बचावफळीच्या मधोमध येऊन उभा राहत असे. प्रशिक्षक हॅरी रेडनॅप यांनी ही व्यवस्था मान्य केली, कारण सरावाशिवाय उतरलेला किंगही त्यांना संघात हवाच होता.

24 फेब्रुवारी 2008 रोजी वेम्बलीवर टॉटनहॅमने जादा वेळेत चेल्सीला 2-1 असे हरवून लीग कप जिंकला. दुखापतीमुळे हंगामाचा मोठा भाग बाहेर काढलेल्या किंगने रॉबी कीनच्या साथीने तो चषक उंचावला. यानंतर मोठ्या चषकासाठी क्लबला 2025 पर्यंत वाट पाहावी लागली.

2010 च्या विश्वचषकासाठी इंग्लंडचे प्रशिक्षक फाबिओ कापेलो यांनी धोका पत्करून त्याला दक्षिण आफ्रिकेत नेले. रुस्टेनबर्ग येथे अमेरिकेविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात जांघेच्या दुखापतीने त्याला मध्यंतरालाच बाहेर यावे लागले आणि त्याची जागा जेमी कॅरॅगरने घेतली. इंग्लंडसाठी त्याचे सामने 21 वरच थांबले. ज्याच्या नावापुढे शंभराचा आकडा शोभला असता, त्याच्या वाट्याला एवढेच आले, याची हळहळ आम्हाला आजही वाटते.

जुलै 2012 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, किंगने निवृत्ती जाहीर केली. 323 सामने, आणि तेही एकाच क्लबसाठी. ऑगस्ट 2020 मध्ये टॉटनहॅमचे तेव्हाचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांच्या साहाय्यक प्रशिक्षकांमध्ये त्याची नेमणूक झाली आणि गुडघ्यापायी ज्या सरावापासून तो इतकी वर्षे दूर राहिला होता, त्याच सरावासाठी तो रोज सकाळी मैदानावर उभा राहू लागला.