मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीतला फोन

नमस्कार. ज्यांनी दारू सोडली आहे त्यांच्याशी, आणि त्यांच्या घरच्यांशीही, आज एका संध्याकाळबद्दल बोलायचं आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी मीटिंगमध्ये जमून एकमेकांना आधार देण्याची आपली संघटना, तिथूनच सुरू झाली.

अमेरिकेत ओहायो राज्यात अ‍ॅक्रन हे रबर-टायरच्या कारखान्यांचं शहर. ११ मे १९३५, शनिवार. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीत तिथे आला होता. डाव फसला, बरोबरचे लोक निघून गेले, आणि हा मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकटाच येरझाऱ्या घालत राहिला. खिशात जेमतेम दहा डॉलर. दारू सोडून पाच महिने झालेले. लॉबीच्या एका टोकाला बार, आतून हसण्याबोलण्याचा आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन, आणि जवळच शहरातल्या चर्चची यादी.

त्याच्या मनात आलेला पहिला विचार दारूचा नव्हता, हे नीट लक्षात घ्या. आत बसावं, जिंजर एल, म्हणजे आल्याचं बिनदारूचं पेय, मागवावं, कुणाशी तरी ओळख होईल, एवढंच. मग दुसरा विचार: आता इतके महिने झालेत, तीन पेग झेपतील, जास्त नाही. मद्यपाश्याच्या मनात दारू अशीच मागच्या दाराने येते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार गोष्टींना आपण मीटिंगमध्ये एवढं का घोकतो, ते इथे दिसतं. त्या संध्याकाळी बिलजवळ राग आणि एकटेपणा तर नक्कीच होता.

त्याने यादीतल्या एका धर्मगुरूंना, वॉल्टर टंक्स यांना, फोन लावला. त्यांच्याकडून काही नावं मिळाली. एकामागून एक फोन. कुणी घरी नाही, कुणाला वेळ नाही. शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत तो पोचला. त्याचं मागणं विचित्र होतं: मी न्यूयॉर्कचा दारुडा आहे, मला दुसऱ्या एका दारुड्याशी बोलायचं आहे. बाईंच्या ओळखीचे एक सर्जन, डॉ. बॉब स्मिथ, दारूत बुडत चालले होते. बाईंनी लगेच डॉक्टरांच्या घरी फोन केला.

याला सगळे योगायोगाची भेट म्हणतात. त्यात योगायोग आहेच, पण फोन करण्याचा चिवटपणा त्याहून मोठा आहे. दोन-तीन नकारांनंतर बहुतेक जण फोन ठेवून देतात. म्हणून परगावी निघताना एका नंबरवर विसंबू नका. कागदावर निदान पाच-सहा नंबर लिहून खिशात ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. ज्या गावी उतरणार तिथल्या मीटिंगचा वार, वेळ आणि जागा आधीच विचारून घ्या, आणि पोचलात की बॅग खोलीवर टाकून पहिल्यांदा काहीतरी खाऊन घ्या.

त्या शनिवारी भेट झालीच नाही. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता. डॉ. बॉब बायकोसाठी, अ‍ॅनसाठी, फुलझाडाची कुंडी घेऊन घरी आले, ती टेबलावर ठेवली आणि प्यालेल्या अवस्थेत तिथेच गाढ झोपले. हे बरंच झालं म्हणायचं. प्यालेल्या माणसाशी या विषयावर बोलून काही साधत नाही. तेव्हा फक्त उद्याची वेळ ठरवावी.

रविवारी संध्याकाळी पाचला डॉ. बॉब बिलला भेटायला आले, तेही अ‍ॅनला बजावून, की पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

असं काय झालं त्या खोलीत? आधीचे पाच महिने बिल न्यूयॉर्कमध्ये दिसेल त्या दारुड्याला उपदेश करत होता. त्यातला एकही सुधारला नव्हता. त्याचे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितलं होतं, प्रवचन बंद कर, आधी आजार सांग: पहिला घोट पोटात गेला की शरीर आणखी मागतं, आणि न पिताही मन तिथेच घुटमळतं. अ‍ॅक्रनमध्ये त्याने तसं केलं. स्वतःचं पिणं सांगितलं, आणि तुमची गरज मलाच आहे हेही कबूल केलं. डॉ. बॉबना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. अनुभवातून त्यांच्याच भाषेत बोलणारा हा पहिला.

तेव्हा गाडीत, फलाटावर, एसटी स्टँडच्या बाकावर असा कुणी भेटला, तर आधी आपलं सांगा. किती प्यायचो, सकाळी दाढी करताना वस्तरा कसा थरथरायचा, कुणाचे पैसे बुडवले. पहिल्या अर्ध्या तासात ‘तुम्ही सोडा’ हे शब्द तोंडात न आलेले बरे. परमिट रूममध्ये बसून हे बोलणं कधीच करू नका.

एका भेटीने माणूस सुटतो असंही समजू नका. तीनएक आठवड्यांनी डॉ. बॉब वैद्यकीय अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला निघाले, प्रवासात पुन्हा प्यायला लागले, आणि काही दिवसांनी वाईट अवस्थेत परतले. १० जूनला सकाळी त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते, म्हणून बिलने त्यांना बिअरची एक बाटली दिली. तीच त्यांची शेवटची दारू. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस स्वतःचा जन्मदिवस तोच मानते.

त्या बिअरचं अनुकरण नको, पण तिच्यामागचं कारण समजून घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की सहा-बारा तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. म्हणून गाडीत भेटलेला माणूस भारावून ‘आत्तापासून बंद’ म्हणाला आणि त्याला सकाळी घेतल्याशिवाय चालत नसेल, तर त्याला दवाखान्याची वाट दाखवा. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन उतरवली जाते. दारूपासून दूर राहायला मदत म्हणून घेतात ती डायसल्फिरामची गोळी तर त्याला आपल्या डबीतून मुळीच देऊ नका. अंगात दारू असताना ती घातक ठरते. आणि जे ती घेतात, त्यांनी प्रवासात खोकल्याचं औषध विकत घेताना बाटलीवर अल्कोहोल लिहिलंय का ते वाचावं. गोळी थांबवली तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

बिल उन्हाळाभर अ‍ॅक्रनलाच राहिला, डॉक्टरांच्याच घरी. दोघांनाही कळून चुकलं होतं, की आपण टिकायचं तर तिसरा शोधायला हवा. जूनच्या अखेरीस अ‍ॅक्रन सिटी हॉस्पिटलमध्ये बिल डॉटसन नावाचा वकील दाखल होता. नर्सना मारहाण केल्यामुळे त्याला पलंगाला बांधून ठेवावं लागलं होतं. दोघे त्याच्या उशाशी बसले आणि आपापलं पिणं सांगू लागले. पुढे बायको भेटायला आली तेव्हा डॉटसनने तिला सांगितलं, हेच ते दोघं, यांना कळतं. १९५४ मध्ये मरेपर्यंत त्याने पुन्हा दारूला हात लावला नाही.