मार्चअखेर आणि मिरग

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागात जायचंय, असं सरांनी सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. मी आधी धाराशिव जिल्ह्यातल्या एका संस्थेत होते, मग वाळूजच्या एका कारखान्यात गेले. म्हणजे आधी पैसे मागितले, मग वाटले.

कायदा थोडक्यात सांगते. कंपनी कायद्याचं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एकही गाठलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजकामावर खर्चायचे. आपल्या परिसराला प्राधान्य द्या, असंही कायदा म्हणतो. आपल्या मराठवाड्याची अडचण इथंच आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, सगळ्या औद्योगिक वसाहती संभाजीनगरभोवती. मग हिंगोली कुणाचा परिसर? हा प्रश्न बैठकीत तुम्हीच विचारायचा, दुसरं कुणी विचारत नाही.

संस्थेत असताना एका पाझर तलावातला गाळ काढायचा होता. गाळ उन्हाळ्यातच निघतो, तलाव कोरडा लागतो, गाळ टाकायला शेतं मोकळी लागतात. आम्ही जानेवारीत प्रस्ताव दिला. कंपनीच्या समितीची बैठक लांबली, करार लांबला, पहिला हप्ता जूनमध्ये आला. एक आजोबा म्हणाले, "ताई, मिरग लागला की. आता पैसा घेऊन काय करता?" मला उत्तर देता आलं नाही.

कारखान्यात गेल्यावर दुसरी बाजू कळली. पैसे मार्चअखेर खर्च व्हायला हवेत, म्हणून फेब्रुवारीत हिशेब विभाग घायकुतीला येतो. संस्थांना फोन जातात, "महिनाभरात किती खर्च कराल?" महिनाभरात काय होतं? बाकं येतात, पाण्याची टाकी येते. माणसं उभी राहत नाहीत. खरं तर 2021 पासून यातून वाट आहे. संचालक मंडळाने काम 'चालू प्रकल्प', म्हणजे एकाहून जास्त वर्षं चालणारं काम, म्हणून मंजूर केलं असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. हे कलम तोंडपाठ करा. दिवाळीच्या आत प्रकल्प मंडळासमोर न्या, म्हणजे गुढीपाडव्याला मशीन तलावात उतरतं.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला. गावात राबणाऱ्या कार्यकर्तीचा पगार त्यात येत नाही, तो प्रकल्पाचाच खर्च. तरी अंदाजपत्रकात पहिली कात्री तिच्याच पगारावर चालते. डिझेलला पैसे मिळतात, तिला नाहीत.

तिच्यावाचून काय होतं, तेही पाहिलंय. गाळ निघतो, पण वाहून नेणार कोण? ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो. दीड एकरवाली विधवा बांधावर उभी राहून बघते. पुढे आमच्या कार्यकर्तीने घरोघर फिरून अशा बायकांची यादी केली, भाड्याचे ट्रॅक्टर लावले, आणि पहिल्या आठवड्याचा सगळा गाळ त्यांच्याच रानात पडला. कंपनीच्या अहवालात फक्त घनमीटर लिहिले गेले. ती यादी मी हट्टाने परिशिष्टात जोडली.