ब्लेकलॉकचं चांदणं

हे चित्र मोबाइलवर बघत असाल, तर स्क्रीनचा उजेड थोडा वाढवा. काळपट झाडं, पानांच्या जाळीतून झिरपणारं फिकट आभाळ आणि चंद्र. नाव ‘ब्रुक बाय मूनलाइट’, चित्रकार राल्फ अल्बर्ट ब्लेकलॉक.

जन्म १८४७, न्यूयॉर्क. वडील डॉक्टर. मुलानं कॉलेज अर्धवट सोडलं आणि चित्रकला स्वतःची स्वतःच शिकली. त्या काळचे होतकरू चित्रकार पॅरिसची वाट धरत. हा १८६९ मध्ये एकटाच पश्चिमेकडे निघाला, मूलनिवासींच्या मुलुखात. तिथल्या वस्त्या पुढं आयुष्यभर त्याच्या चित्रांत येत राहिल्या. प्रचंड झाडांखाली, अगदी चिमुकल्या.

टोनॅलिस्ट चित्रकार सगळं दृश्य एकाच रंगछटेत भिजवून काढत. ब्लेकलॉकची रीत मात्र त्यांच्यातही वेगळी. रंगाचा थर द्यायचा, वाळला की प्युमिस दगडानं घासायचा, त्यावर पुन्हा थर. हे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. त्यात तो बिट्युमेन, म्हणजे डांबराच्या जातीचा तपकिरी रंग वापरायचा. हा रंग धड वाळत नाही, काळवंडतो, त्याला भेगा पडतात. त्यामुळं आज संग्रहालयात दिसते ती रात्र त्यानं रंगवलेल्या रात्रीपेक्षा जास्त काळी आहे.

अशा संथ कामावर घर कसं चालणार? पत्नी कोरा आणि नऊ मुलं. चित्रं मिळेल त्या भावात जात. १८९९ मध्ये त्याचं मन पुरतं ढासळलं आणि तो मनोरुग्णालयात गेला. तिथं तो नोटांच्या आकाराची निसर्गचित्रं काढून त्यांवर लाखांचे आकडे टाकायचा. याला निव्वळ वेड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कारण बाहेर खरोखरच आकडे चढत होते. १९१६ मध्ये ‘ब्रुक बाय मूनलाइट’ लिलावात २०,००० डॉलरला गेलं. हयात अमेरिकन चित्रकारासाठी हा विक्रम होता. खरेदीदार ओहायोतलं टोलेडो संग्रहालय. चित्र केव्हाच दुसऱ्याच्या मालकीचं झालेलं, त्यामुळं ब्लेकलॉकला दमडीही नाही. मग बिआट्रिस व्हॅन रेन्सेलर अ‍ॅडम्स असं भारदस्त नाव लावणारी एक बाई पुढं आली. तिनं त्याच्या नावानं निधी उभा केला, खुद्द ब्लेकलॉकचा ताबाही मिळवला. कोराच्या हाती त्यातलं फारसं काही पडलं नाही.

ऑगस्ट १९१९ मध्ये ब्लेकलॉक गेला. तोवर बाजारात त्याच्या खोट्या सह्यांचा सुळसुळाट झाला होता. पुढं नेब्रास्का विद्यापीठानं त्याच्या नावावरची चित्रं एकेक करून तपासायला घेतली, अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती हे ठरवायला.