फोन उचलला की पलीकडून "ताई"

नमस्कार मंडळी. आज मला आवाजाबद्दल बोलायचंय. रेडिओवर तुमच्याकडे माझ्या आवाजाशिवाय दुसरं काहीच नाही, त्यामुळे एव्हाना तुम्ही मनात ठरवूनही टाकलं असेल की बाई पन्नाशीच्या आतबाहेरची आहे, मराठी आहे पण हेल जरा गुजराती आहे म्हणजे बडोद्याची असणार. बरोबर आहे, दांडिया बाजारातली मी. लहानपणी पुण्याला आत्याकडे गेलो की आमच्या "हो ने, चालेल ने" वर सगळी भावंडं हसायची. ते हसणं दोन दिवसांत विसरायचो आम्ही. पण माझ्या धाकट्या भावाच्या बोलण्यावर जे हसणं व्हायचं ते वेगळं होतं, वीस वर्षं झाली तरी ते माझ्या कानातून गेलेलं नाही.

आमच्या पुढच्या खोलीत स्टुलावर लँडलाइन होता, आईनं विणलेलं क्रोशाचं कव्हर घातलेला. फोन वाजला की हा धावत जाऊन उचलायचा आणि पलीकडून माणूस म्हणायचा, "ताई, बाबांना द्या जरा," गुजराती असेल तर "बेन, पप्पा छे?" दहा वर्षांचा होता तोवर ठीक होतं, त्या वयात सगळ्याच मुलांचा आवाज तसाच असतो. मग नववीत गेला, मिसरूड फुटलं, आवाजही फुटला, तरी पलीकडून ताईच. कारण आवाज काही बारीक नव्हता हो त्याचा, बोलण्याची पद्धत तशी होती, शब्दाचा शेवट लांबवायचा, वाक्य वर वर चढत जायचं, 'अगं' म्हणाला तर त्या 'गं'वर झोका घेऊन खाली यायचा. एकदा घरातलंच एक मोठं माणूस त्याला फोनवर म्हणालं, "जरा पुरुषासारखं बोल की रे." त्यानंतर फोन वाजत राहायचा, हा शेजारी पुस्तक घेऊन बसलेला असायचा आणि उचलायचा नाही. मी आतून ओरडायचे, अरे उचल ना! का उचलत नाही ते मला कितीतरी दिवस कळलंच नाही.

शाळेत 'बायल्या' होतंच. त्यात आपल्या मराठीत व्याकरणही छळणाऱ्याच्या हाताशी असतं बघा, हा म्हणाला "मी येतो" की मागून दोन-तीन पोरं, "मी येते गं, मी येते!" रोज. पुढे मोठा झाल्यावर त्यानं मला सांगितलं की त्या वर्षांत त्याला गुजरातीत बोलायला बरं वाटायचं, कारण गुजरातीत "हुं आवुं छुं" मुलानं म्हणा नाहीतर मुलीनं म्हणा, सारखंच. जन्मभर मी या दोन्ही भाषा बोलत आले आणि हे कधी माझ्या लक्षातही आलं नव्हतं, त्याला मात्र आठवीतच कळलेलं. आणि तिकडे कोल्हापूरकडच्या बायका सर्रास "मी आलो, मी जेवलो" म्हणतात, तेव्हा कोणी त्यांच्या बाईपणावर शंका घेत नाही, आपण म्हणतो ही तिकडची बोली आहे. म्हणजे बोलण्याला बोली म्हणून सोडून देणं आपल्याला येतं की.

अकरावीत तो रात्री गच्चीवर जाऊन आवाज जाड करायची प्रॅक्टिस करायचा. हनुवटी छातीला लावून, घशातून दाबून, "हॅलो, कोण बोलतंय?" इतकं एकच वाक्य पन्नास वेळा. शेवटी घसा असा बसला की डॉक्टरांकडे न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले घशावर जोर देऊ नकोस, आणि आम्ही हळद-दूध देत बसलो.

आता यातलं शास्त्र जरा बघू. वयात येताना मुलग्यांचा स्वरयंत्राचा भाग मोठा होतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात म्हणून आवाजाची पट्टी खाली येते, हे झालं शरीराचं काम. पण हेल, लांबवणं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे आपण कानानं शिकतो, आसपासच्या माणसांकडून, न ठरवता. आणि असं बोलणारा पुरुष गेच, म्हणजे पुरुषांचंच आकर्षण असलेला, असं लोक धरून चालतात, तेही मोजून पाहिलंय. अमेरिकेत १९९४ साली रुडॉल्फ गॉडिओ नावाच्या अभ्यासकानं चार गे आणि चार गे नसलेल्या पुरुषांना वाचायला लावून त्यांचे आवाज मोजले, तर पट्टीच्या चढउतारात दोन गटांत म्हणावा असा फरक सापडलाच नाही. मग २००३ मध्ये टोरांटोच्या अभ्यासकांनी २५ पुरुषांचे आवाज लोकांना ऐकवले. त्यात जे गे नव्हते त्यांच्यातलेही काही लोकांना गे वाटले आणि काही गे पुरुष अजिबात तसे वाटले नाहीत. 'स' चा उच्चार बोबडा असतो असं तिकडे म्हणतात, तर मोजून पाहिल्यावर निघालं की बोबडा नाही, उलट काहींचा 'स' जास्त स्वच्छ आणि धारदार असतो. हे सगळं इंग्रजीतलं, आपल्या मराठीला जसंच्या तसं लावता येणार नाही, पण कान किती आत्मविश्वासानं चुकतो ते कळतं.

आणि हा कान असा आधीपासूनच नव्हता हो आपला. १८८२ मध्ये संगीत सौभद्र आलं तेव्हा सुभद्रा झाले होते भाऊराव कोल्हटकर, आपल्या बडोद्याचे! अण्णासाहेब किर्लोस्करांनी इथून नेलेला मुलगा. त्यांच्यानंतर बालगंधर्व, ज्यांच्या मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, त्यांचं ते नाजूक बोलणं ऐकायला लोक रात्र रात्र बसायचे आणि बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकायच्या. स्त्रीभूमिका करणारा गे असतो असं मी म्हणत नाहीये, तो घोटाळा करू नका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या. मी एवढंच म्हणतेय की पुरुषाच्या गळ्यातून आलेला मऊ स्वर आपल्याच पणजोबांनी तिकीट काढून ऐकलाय, आणि त्यांचीच पतवंडं वर्गात मागच्या बाकावर बसून "मी येते गं" करत होती.

२००६ मध्ये राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी आपण गे आहोत हे जाहीर सांगितलं. तिकडे त्यांचे पुतळे जाळले. आमच्या शेजारच्या काकू पेपर हातात घेऊन म्हणाल्या, "पण दिसायला बोलायला तर किती व्यवस्थित आहे!" भाऊ तेव्हा पंधरा वर्षांचा, ताटावर बसला होता. त्यानं पोळी अर्धी टाकली आणि उठला.

आपण गे आहोत हे मला भावानं सांगितलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल लागला त्या संध्याकाळी, सुरसागरच्या कट्ट्यावर. मी म्हटलं, अरे मला अंदाज होताच. तो म्हणाला, कशावरून? आणि मला उत्तर द्यावं लागलं, तुझ्या बोलण्यावरून. त्यानं तळ्याकडे मान वळवली. म्हणजे घरातल्या त्या मोठ्या माणसाचा, काकूंचा, त्या पोरांचा जो कान होता तोच माझाही होता. मग तो म्हणाला, माझा एक मित्र आहे, मकरपुऱ्यात कारखान्यात सुपरवायझर, आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू येतो, त्यानं घरी सांगितलं तर त्याची आई म्हणाली तू कसा असशील, तुझा आवाज तर किती खणखणीत! चार वर्षं झाली, अजून तिला पटत नाहीये.

नंतर एका लग्नात कोणीतरी टीव्हीवरच्या कॉमेडीतली ती नक्कल केली, हात मोडून, मान वेळावून, तेव्हा मी भांडले. म्हटलं सगळे गे असे बोलत नाहीत, किती साधे बोलतात, तुम्हाला ओळखूसुद्धा येणार नाहीत! आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटत होतं मला. परत येताना गाडीत तो म्हणाला, "ताई, पण मी असाच बोलतो ना गं. तू ज्यांच्या बाजूनं भांडलीस ते वेगळे, मी तर तुझ्या यादीतून पण बाहेर गेलो."

मंडळी, त्या दिवसापासून मी ते वाक्य बोलायचं बंद केलं. कोणी मऊ बोलतं, कोणी खणखणीत, कोणी घरी एक आणि ऑफिसात एक बोलतं कारण पोट भरायचं असतं. मित्रांमित्रांत गे पुरुष एकमेकांना "अगं बाई" म्हणतात तेव्हा ती त्यांची घरची भाषा असते, जशी माझी 'चालेल ने' आहे. ज्याचं बोलणं अगदी त्या नकलेसारखं आहे त्याच्यासाठी पण मला भांडायचंय, त्याच्यासाठी तर आधी.

हे भाषण त्याला विचारूनच लिहिलंय. नाव घेऊ नकोस म्हणाला, बाकी सगळं सांग. आत्ता तो अलकापुरीत त्याच्या घरी ऐकत असेल, आणि मी स्टुडिओच्या बाहेर पडले की फोन वाजेल माझा, आणि पहिलाच शब्द येईल, 'अगं', त्या 'गं'वर झोका घेत.