केसांचा बुचडा आणि चांदीचा शिक्का

मंडळी, मागच्या वेळी आपण चीनमधलं छिन साम्राज्य कोसळलं तिथं थांबलो होतो. त्यानंतर हान घराणं आलं, तरी ईशान्येच्या येन मुलखात धुमश्चक्री चालूच होती. त्या धामधुमीत वी मान नावाचा एक माणूस हजारभर लोक घेऊन निघाला आणि नदी ओलांडून चोसनच्या, म्हणजे कोरियातल्या सगळ्यात जुन्या राज्याच्या, आश्रयाला आला. हान दरबारचा इतिहासकार सिमा छ्येन सांगतो की, निघताना त्यानं केसांचा बुचडा बांधला होता आणि वेश रानटी लोकांचा केला होता.

या बुचड्यावरून कोरियात केवढा वाद झालाय! वी मान मुळात चोसनच्याच रक्ताचा असणार, असं काही अभ्यासकांनी त्यावरून मांडलं. मला हा पुरावा फार तोकडा वाटतो. परमुलखात आसरा मागायला जाणारा माणूस तिथला वेश करणारच. मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. राजा चुननं त्याला सरहद्द राखायला नेमलं, आणि इ.स.पू. 194च्या सुमारास त्यानं चुनचीच गादी बळकावली. पण राज्याचं नाव चोसनच राहू दिलं.

त्याचा नातू उगो हा हान सम्राट वू-तीपुढे वाकेना. इ.स.पू. 109मध्ये खुष्कीनं आणि समुद्रातून फौजा चालून आल्या. दोन सेनापतींचं आपसात पटेना, वेढा रेंगाळला. शेवटी उगोचा घात त्याच्याच माणसांनी केला. इ.स.पू. 108मध्ये राजधानी पडली आणि हाननी तिथं आपले सुभे बसवले. त्यांतला प्याँगयांगजवळचा ललांग सुभा इ.स. 313पर्यंत टिकला.

चारशेवर वर्षं! याला 'चिनी वसाहत' म्हणून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. त्यांनी तिथल्या कबरी जरूर पाहाव्यात. 1958मध्ये एका कबरीत चांदीचा शिक्का मिळाला. त्यावर चार चिनी अक्षरं: फुजो इथल्या 'ये' नावाच्या लोकांचा नायक. शिक्का हान सत्तेची खूण. पण त्याच कबरीत निमुळत्या पात्याची कांस्याची कट्यारही होती, अस्सल चोसन घडणीची. सम्राटाचा शिक्का मिरवणाऱ्या या नायकाला पुरताना त्याच्या माणसांनी पूर्वजांचं हत्यारही सोबत दिलं.

जवळच्याच दुसऱ्या एका कबरीत बांबूच्या कामट्यांवर लिहिलेली कन्फ्यूशियसची वचनं निघाली, आणि लाकडी पट्ट्यांवरची इ.स.पू. 45ची खानेसुमारी. पंचवीस तालुके, प्रत्येकात घरं किती, माणसं किती, मागल्या वर्षापेक्षा भर किती. चोसन पडून तेव्हा त्रेसष्ट वर्षं झाली होती. वेढा सोसलेल्यांची नातवंडं, पतवंडं त्या आकड्यांत आहेत. तालुक्यांची नावं वाचत गेलं की फुजोही सापडतं.