नॉब कशाला लावायचा?

(अंधारी खोली. ग्रूव्हबॉक्सचे पॅड एकामागून एक उजळतायत. कॅमेरा हातावर.)

अंगठा आणि तर्जनी. फार तर जोडीला मधलं बोट. ग्रूव्हबॉक्स वाजवणाऱ्याचं कसब शेवटी एवढ्याच बोटांत येऊन थांबतं. ड्रम, बेस, सूर सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं आणि यंत्र ते न चुकता गिरवत राहतं. माणसाच्या वाट्याला उरतो तो नॉब.

‘ग्रूव्हबॉक्स’ हे नाव रोलँडने १९९६ साली एमसी-३०३ या यंत्राला दिलं. नॉब पिळायची खोड मात्र त्याहून जुनी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच कंपनीने टीबी-३०३ काढलं होतं, बेस गिटारवाल्याची जागा भरून काढायला. ते बेस गिटारसारखं काही वाजलं नाही. १९८४ मध्ये उत्पादन थांबलं आणि जुन्या मालात ते स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या काही तरुणांनी ते घेतलं, एकच पॅटर्न चालू ठेवला आणि वरचे नॉब पिळत बसले. त्यातून अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार जन्माला आला. तिथे कुठल्या नॉबने काय करायचं हे कारखान्यातच ठरलं होतं. कटऑफचा, म्हणजे फिल्टर आवाज कुठून कापतो ते ठरवणारा नॉब म्हणजे कटऑफ, विषय संपला.

आज इफेक्ट डझनभर, एकेकाचे चार-पाच पॅरामीटर, आणि मोकळे नॉब मोजून तीन-चार, फार तर आठ. म्हणून असाइन करावं लागतं, म्हणजे कुठल्या नॉबने काय बदलायचं ते नेमून द्यावं लागतं. ते काम तसं अर्ध्या मिनिटाचं: मेनू उघडा, नॉब निवडा, यादीतून पॅरामीटर उचला, सेव्ह करा. खरी गोची पुढेच आहे.

(जवळून: स्क्रीनवर डिलेचे पॅरामीटर.)

डिले घ्या, म्हणजे प्रतिध्वनी काढणारा इफेक्ट. नवखा माणूस हमखास डिलेचा टाइम, म्हणजे दोन प्रतिध्वनींमधलं अंतर, नॉबवर घेतो, कारण नाव ओळखीचं असतं. फिरवला की काय होतं? टेपसारखा वागणारा डिले असेल, तर मागचे सगळे प्रतिध्वनी सुरासकट वर-खाली घसरतात. एकदा ऐकायला गंमत वाटते, तिसऱ्यांदा डोकं उठतं. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके असताना, अर्ध्या ठोक्याचा डिले म्हणजे २५० मिलिसेकंद. तो तिथेच बसू द्यावा. नॉबवर घ्यावा तो सेंड, म्हणजे मूळ आवाजातला किती भाग डिलेकडे धाडायचा ते.

सेंडच का, रिटर्न, म्हणजे इफेक्टकडून परत येणारा आवाज, का नाही? हे कानांनीच ऐका.

(आवाज: स्नेअर ड्रमचा एक फटका, मागे लांब रिव्हर्ब, म्हणजे घुमारा.)

रिटर्नचा नॉब खाली ओढला, की घुमत असलेला आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटतो. सेंड खाली ओढला, तर नवं काही आत जात नाही, पण आधी गेलेलं आपल्या गतीने विरत राहतं. त्या एका स्नेअरची शेपटी पुढच्या समेपर्यंत रेंगाळते आणि खाली कोरडा ठेका चालू असतो. नॉब दोन्हीकडे सारखाच फिरला.

मग येतो फीडबॅक, म्हणजे डिलेतून निघालेला आवाज किती परत त्याच्यातच घालायचा ते. तो शंभर टक्क्यांच्या पलीकडे गेला, की प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि काही सेकंदांत यंत्र किंचाळायला लागतं. वाजवण्याच्या भरात बोट कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. म्हणून यंत्र मुभा देत असेल, तर नॉबची धाव आवळून टाकावी: खालचं टोक २०, वरचं ८५. आता नॉब मुक्तपणे पिळा. माझ्या मते असाइन करणं म्हणजे खरं तर हेच. बोटाला कुठवर जाऊ द्यायचं, ते डोकं शांत असताना ठरवून ठेवायचं.

मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपसातली भाषा. तिच्या साध्या कंट्रोलला ० ते १२७ अशा १२८च पायऱ्या असतात. फिल्टर २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत फिरतो, म्हणजे सुमारे दहा सप्तकं. सप्तकाचे स्वर बारा, म्हणजे एकूण १२०. हिशेब बघा, नॉबची एक पायरी जवळपास एका स्वराएवढी! रेझोनन्स, म्हणजे कटऑफच्या जागचा टोकदार जोर, चढवून हळू फिरवलं, तर जिना उतरल्यासारखं टक-टक ऐकू येतं. चांगली यंत्रं मधल्या जागा स्वतःच भरून घेतात. नॉबची धाव अर्धी केली आणि त्या १२८ पायऱ्या तेवढ्यातच वाटल्या गेल्या, तर पायरीही अर्धी होते, हा आवळण्याचा वरचा फायदा.

(जवळून: नॉबवरची पांढरी रेघ.)

ही रेघ कधीकधी खोटं बोलते. एकदा मी पॅटर्न बदलला. नव्या पॅटर्नमध्ये रिव्हर्ब १० वर सेव्ह केलेला, नॉब मात्र आधीच्या गाण्यातला, ११५ वर. जरासा शिवलो आणि पूर्ण ठेका विहिरीत पडल्यासारखा झाला. पुष्कळ यंत्रांत यावर पिकअप मोड असतो. नॉब सेव्ह केलेल्या आकड्यावरून जाईपर्यंत काहीच होत नाही. मग तुम्ही नॉब फिरवताय, आवाज ढिम्म, आणि ड्रॉप, म्हणजे ठेका जोरात परत येण्याचा क्षण, तर आला. अखंड फिरणाऱ्या एन्कोडरला ही भानगड नाही, पण तो कुठे आहे हे कळायला दिवे नाहीतर स्क्रीन लागते. अंधारात मला ती रेघच बरी वाटते.

आता पॅटर्न बदलायच्या आधीच्या मात्रेला मी रिव्हर्ब खाली आणतो. हाताला सवय झालीय.

(हात नॉब डावीकडे नेतो. घुमारा विरतो. पॅड बदलतात.)