विळिवायकुरातला ळ

मित्रहो, आपल्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर जुनी शिशाची नाणी सापडली. त्यातलं एक आज मी बरोबर आणलंय. करडं, आकाराच्या मानानं चांगलं जड. एका बाजूला धनुष्यबाण आणि त्याच्याभोवती गोल ब्राह्मी अक्षरं: ‘रञो वासिठीपुतस विळिवायकुरस’. म्हणजे वासिष्ठीपुत्र विळिवायकुर राजाचं.

आता लिलावाच्या इंग्रजी यादीत हेच नाव बघा. तिथं ळ नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, शेवटी एक ‘ए’ लटकतोय. मग आपणही ‘विलिवयाकुरा’ म्हणतो. ज्या गावचा गूळ सगळीकडे जातो, त्या गावानं आपल्याच राजाच्या नावातला ळ टाकून द्यावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते अक्षर नाण्यावर कोरलेलं आहे हो!

दुसऱ्या शतकातल्या ग्रीक भूगोलकार टॉलेमीनं आपल्या ‘भूगोल’ ग्रंथात ‘हिप्पोकूरा’ या नगरातल्या ‘बालेओकूरॉस’ राजाचा उल्लेख केलाय. तो हाच विळिवायकुर, असं अनेक अभ्यासक मानतात. ग्रीकांकडे ळ नव्हताच, त्यांनी जमेल तसं लिहिलं. आपल्याला ती अडचण नाही.

नाण्यावरच्या ‘विळिवायकुरस’मधला शेवटचा ‘स’ हा ‘चा, ची, चे’ सांगणारा प्रत्यय, नावाचा भाग नव्हे. आणि ब्राह्मीत जोडाक्षरातलं द्वित्त सहसा लिहीत नसत. लिहिलंय ‘रञो’, ‘पुतस’. बोलताना मात्र ‘रञ्ञो’, ‘पुत्तस्स’. हे कशावरून, असं कुणीही विचारावं. क्षत्रप राजा नहपानाचं चांदीचं नाणं घ्या. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला अशी तेरा हजारांवर नाणी निघाली, आणि त्यातली बरीचशी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारून पुन्हा चालवली. नहपानाच्या या नाण्यावर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरंही आहेत. तोच मजकूर, ग्रीक लिपीत. आणि तिथं ‘रन्निओ’ असे स्पष्ट दोन ‘न’ दिसतात! दोन हजार वर्षांपूर्वीचा उच्चार त्या एवढ्याशा चांदीवर टिकून राहिलाय. राजाचं नाव नहपान. नाहपाना नाही, नहापनाही नाही. गावाच्या नावाचंही इंग्रजी पुस्तकांनी ‘जोगलथंबी’ करून ठेवलंय, तेही आपण सुधारून घ्यावं.

परदेशी शब्दांबद्दल थोडक्यात सांगतो. ग्रीक नाणं ड्रॅक्मा, पण इंग्रजीत त्याचंच आखूड रूप ‘drachm’ लिहितात आणि ‘ड्रॅम’ असं उच्चारतात. मधलं ‘सीएच’ मुकं. आपल्याकडे तोच शब्द ‘द्रम्म’ झाला आणि त्यातून ‘दाम’ आला, म्हणजे मधला आवाज आपणही गाळलाच. जर्मन ‘टालर’ला थ लावू नका, त्याच शब्दातून डॉलर आला. सॉव्हरिनमधला ग मुका. नाण्याच्या तळाशी रेघेखाली जी जागा असते, जिथं बहुधा साल येतं, ती ‘एक्सर्ग’.

होनाबद्दल मात्र भांडू नका. मूळ कन्नड ‘होन्नु’, म्हणजे सोनं, त्यातला ओ ऱ्हस्व. निपाणीकडचा माणूस तो तोडून म्हणेल, आपण लांबवून म्हणू. दोन्ही घरचेच.

एक गोष्ट सांगायलाच हवी. एका प्रदर्शनात शाळकरी मुलानं ‘ड्रॅच्म दाखवा’ म्हटलं, आणि टेबलामागचे दोघं हसले. पोरानं हातातली वही मिटली आणि निघून गेला. त्या पोरानं शब्द पुस्तकात वाचला होता, कुणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. वाचून शिकलेल्या माणसाची चूक अशीच असते. मी त्याला गाठेपर्यंत तो गर्दीत दिसेनासा झाला. आपल्या टेबलाशी असं कधी होऊ देऊ नका. बरोबर उच्चार आपण सहज, बोलता बोलता म्हणावा, समोरचा तो उचलतो.

आता हे नाणं पुढच्या रांगेपासून हातोहात द्या. कडेनं धरा, अक्षरांवर बोट घासू नका. भिंगातून आधी ‘रञो’ शोधा, मग पुढचं नाव मोठ्यानं वाचा, ळ सकट. आणि शिसं आहे, चहा घेण्याआधी हात धुवा.